एकेचाळीस चुका

पायऱ्या संपल्या होत्या, पण आशाबाईंच्या पायाला ते कळलं नव्हतं. नवऱ्याच्या, वाघचौरे सरांच्या, फोटोला हार घालून त्या व्यासपीठाच्या डाव्या बाजूनं खाली उतरल्या, पाचही पायऱ्या सावकाश, न चुकता. मग सपाट फरशीवर उभ्या असताना त्यांनी उजवा पाय पुन्हा पुढं टाकला, गुडघा सैल सोडून, खाली अजून एक पायरी असावी तसा. पाय अपेक्षेपेक्षा आधीच फरशीवर आपटला. त्या पुढं झुकल्या. चार-पाच हात एकदम धावले. कुणी दंड धरला, कुणी कंबर. "दुःखात भान राहतं का माणसाला," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्रिंबक भिंतीला टेकून उभा होता, हातात हारांची रिकामी टोपली. त्यानं चेहरा पाहिलाच नाही. त्याला फक्त तो पाय दिसला, नसलेली पायरी शोधणारा. आणि त्याला एक जुनी ओळ आठवली. शेवटची पायरी, साडेचार इंच. बाकीच्या सहा इंच. चूक.

हे त्याचंच अक्षर होतं. सहा वर्षांपूर्वीचं, तांबड्या पेन्सिलीतलं.

वीस मिनिटांपूर्वी याच सभागृहात लोक हसले होते. शोकसभेत हसतात तसं दबकं, ओल्या डोळ्यांचं, प्रेमळ हसू. विभागप्रमुख काकासाहेब ठोंबरे बोलायला उभे राहिले, बद्रीनाथ वाघचौरे सरांनी तेवीस वर्षांत किती मुलांना घर म्हणजे काय ते शिकवलं हे सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण मित्रहो, दिव्याखाली अंधार असतोच. सरांचं स्वतःचं घर! आमच्याच एका सहकाऱ्यानं टेप लावून मोजलंय. एकेचाळीस चुका! एकही कोपरा काटकोनात नाही, एकही जिना सारखा नाही. जगाची घरं उभी करताना या फकिरानं स्वतःच्या घराकडे बघितलंच नाही." आणि त्यांनी भिंतीकडे, त्रिंबककडे पाहून हलकेच डोळा मिचकावला. ती यादी सरांच्या स्मरणिकेत छापणार असल्याचंही त्यांनी जाहीर केलं. त्रिंबकनं तेव्हा मान खाली घातली होती. लाजून नव्हे. त्याला बरं वाटलं होतं म्हणून. हे त्याला आता, सायकलीचं कुलूप काढताना, स्वच्छ आठवत होतं.

त्रिंबक पिशोरच्या मेंढपाळाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर, तोही भौतिकशास्त्राचा. वास्तुकलेच्या महाविद्यालयात त्याला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली तेव्हा बाप, मल्हारी, म्हणाला होता, "घरं बांधायच्या कालेजात तुझं काय काम रं?" काम होतं उपकरणांचं. लेव्हल, थिओडोलाइट, पोलादी टेप पुसून ठेवायचे, मुलांना मोजून द्यायचे, परत मोजून घ्यायचे. पण सरांनी पहिल्याच महिन्यात त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवलं. "त्रिंबक, तू फुकट ऐकतोयस असं समजू नकोस, मधेच प्रश्न विचारीन," म्हणाले, आणि खरंच विचारायचे. कमानीचा भार कुठं जातो, उन्हाळ्यात पोलादी टेप किती वाढते, ती वाढ मापातून वजा करायची की मिळवायची. वास्तुकलेची मुलं गोंधळायची, त्रिंबकला येत असे, आणि सर त्या मुलांकडे नव्हे तर त्याच्याकडे बघून हसायचे. आपल्याला कुणी हुशार समजतं आहे ही गोष्ट त्याला त्या मागच्या बाकावर पहिल्यांदा कळली. त्या माणसाला आज फकीर म्हणाले. घराकडे न बघणारा फकीर. सायकल रस्त्याला लागली तशी ही गोष्ट त्याच्या डोक्यात तापत गेली. घराकडे न बघणारा? जो माणूस रोज साडेपाचच्या ठोक्याला, कुणाचं चित्र अर्धं तपासून झालं असलं तरी, पेन्सिल खाली ठेवून उठायचा? दिल्लीची मोठी जागा चालून आली तेव्हा दोन ओळींचं पत्र लिहून ज्यानं ती नाकारली? तेव्हा हेच काकासाहेब म्हणाले होते, "वाघचौरे संसारात अडकले, नाहीतर कुठं पोचले असते!" म्हणजे जिवंतपणी संसारात अडकलेला, आणि मेल्यावर संसाराकडे न बघणारा. दोन्ही एकाच तोंडानं. आणि दोन्ही वेळा लोकांनी माना हलवल्या.

साडेपाच. हिवाळ्यात सव्वापाच. हा फरक त्यानं कधी मोजला नव्हता. आता मोजला. सर घड्याळ बघून जात नव्हते, उजेड बघून जात होते. आशाबाई शिकवायच्या त्या शाळेच्या फाटकाशी त्या थांबलेल्या असायच्या आणि दिवेलागणीच्या आत दोघं छावणीच्या रस्त्यानं पायी घरी जायची. सर अर्धं पाऊल पुढं, डावा कोपर किंचित बाहेर काढून. त्या चालण्याची नक्कल गॅदरिंगमध्ये दरवर्षी व्हायची. नक्कल करणारा पोरगा कोपर काढायचा, चार पावलं टाकायचा आणि घसा खाकरायचा, की टाळ्या. कारण सर आशाबाईंना घेऊन कुठल्याही समारंभाला आले की पायऱ्यांपाशी खाकरायचे. नेमके शेवटच्या पायरीवर. आशाबाईंना लोक गर्विष्ठ म्हणत. बाजूनं नमस्कार केला तर बघत नाहीत, समोर आलं तर ओळख देतात. "सायबीण हाय आपली," असं कार्यालयातला शिपाईसुद्धा म्हणायचा. त्रिंबकनंही एकदा म्हटलं होतं. एकदा नाही, तीनदा. त्याला तिन्ही वेळा आठवत होत्या, आणि आठवण इतकी चोख असण्याचा त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा राग आला.

तो रविवार तर दिसतच होता समोर. सरांना वरच्या मजल्याला कठडा करायचा होता, त्यासाठी घराचं नीट माप हवं होतं. त्रिंबक आपणहून म्हणाला, "मी घेतो सर." सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "घे. पण माप लिहायच्या कागदावर विशेषण लिहायचं नाही, ठाऊक आहे ना?" हा त्यांचा नियम होता. आधी आकडा, मग त्या जागी तासभर बसायचं, मग विचारायचं की हे असं का. मध्ये चांगलं-वाईट काही लिहायचं नाही. त्रिंबकनं सकाळी आठला टेप उघडली आणि दुपारी चारपर्यंत त्याला धक्क्यावर धक्के बसत गेले. भिंतींचे कोपरे तासलेले, काटकोन नाहीच. स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ सुरुवातीला चार फूट आणि शेवटी दोन फूट आठ इंच. कुठल्याच दाराला उंबरठा नाही. बोळाच्या डाव्या भिंतीचा गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत खरबरीत, त्यावर गुळगुळीत. जिन्यात मावळतीच्या बाजूला एक उभी फट, तिच्यातून दुपारचं ऊन कुठल्याही खोलीत जात नाही, फक्त पायरीच्या कडेवर पडतं. आणि प्रत्येक जिन्याची शेवटची पायरी दीड इंचानं कमी. तेवीस वर्षांचा होता तो. एवढा मोठा शिक्षक, आणि आपल्याला, मेंढपाळाच्या पोराला, त्याच्या चुका सापडतायत! तो त्या घरात तासभर बसला नाही. पाच मिनिटंही बसला नाही. प्रत्येक आकड्यापुढं त्यानं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं: चूक. सरांनी कागद हातात घेऊन सगळा वाचला. आत आशाबाई भांडी लावत होत्या. "मापं बरोबर आहेत," सर म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्रिंबकनं कागदाची नक्कल कँटीनमध्ये दाखवली.

आणि त्याच आठवड्यात सर त्याला बारवेवर घेऊन गेले होते! हे आठवलं तसा तो सायकलवरून उतरलाच. दौलताबादच्या वाटेपासून आत, शेतात, एक जुनी पायऱ्यांची विहीर. सरांनी त्याला पायऱ्या मोजायला लावल्या. दर पाचवी पायरी रुंद आणि बसकी. "गवंड्याची चूक दिसतीय सर," त्रिंबक म्हणाला. सरांनी शेतातल्या बाईकडून घागर मागून घेतली, भरली आणि त्याच्या खांद्यावर दिली. "चढ." पाचव्या पायरीवर त्याचे पाय आपोआप थांबले, श्वास घेतला, पुढं निघाले. तो वर येऊन खदाखदा हसला, आनंदानं. सरही हसले. पण सर नंतर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले होते, काहीतरी पुढं येईल म्हणून वाट पाहिल्यासारखे. पुढं काही आलं नाही. त्रिंबक त्या बारवेची गोष्ट सहा वर्षं सगळ्यांना सांगत होता, आणि त्याच तोंडानं घराच्या चुकाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी तो काकासाहेबांच्या खोलीत गेला. "यादी छापू नका."

"का रे? अरे, सगळ्यात गोड पान आहे ते. सर स्वतः सांगायचे मुलांना."

"त्या चुका नायत."

"मग काय आहेत?"

त्रिंबकच्या तोंडात उत्तर होतं. ते त्याला दातांवर जाणवत होतं. पण ते अजून अनुमान होतं, एका पावलावरून काढलेलं, आणि दुसऱ्याच्या देहाबद्दलचं. "उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या सांग, पण गुरुवारी पानांचा फॉर्म छपाईच्या मशिनवर चढतोय. आणि असं तोंड करू नकोस. प्रेमानं छापतोय आम्ही." काकासाहेबांनी चष्मा पुसला. त्यांचे डोळे खरंच पाणावलेले होते, आणि त्रिंबकला त्याचाच जास्त संताप आला. हा माणूस ढोंगी असता तर किती सोपं झालं असतं.

छावणीपलीकडच्या त्या घरी तो दुपारी तीनला पोचला. लेक आणि जावई तेरावा उरकून दोन दिवसांसाठी गंगापूरला गेले होते. आशाबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्रिंबक ना? ये. बूट हातात घेऊन ये, वाटेत ठेवू नकोस." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. याचीही कँटीनमध्ये थट्टा होत असे. तो बूट हातात घेऊन आत आला आणि त्यानं ते फळीवर ठेवले. चहा करायला त्या बोळातून गेल्या तेव्हा त्यानं पाहिलं: बोळ अरुंद होत गेला तसे त्यांचे दोन्ही कोपर भिंतींना लागले, आणि तिथं त्या वळल्या, न थांबता. कप दोन्ही काठोकाठ भरून आणले. एक थेंब सांडला नाही.

"बाई," तो म्हणाला, "शेवटची पायरी दीड इंच कमी हाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "सहा वर्षं लागली व्हय रे तुला?"

"मला कसं कळणार? कुणी सांगितलं का?"

"आवाज चढवू नकोस. कान चांगले आहेत माझे." मग त्या थोड्या हसल्या. "समोरचं दिसतं मला. तुझं नाक दिसतंय, नाकावरचा राग दिसतोय. कडेचं नाही, पायाखालचं नाही. नळकांड्यातून बघावं तसं. अन् दिवे लागले की तेवढंही नाही. लेक पोटात होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, कमीच होत जाणार."

"आणि शाळेत एकतीस वर्षं?"

"पोरांना वाटायचं, बाई टक लावून बघतात. चिडीचूप बसायची."

त्रिंबकला हसू आलं नाही. त्या बोलत राहिल्या. घर बांधायच्या आधी सर रोज संध्याकाळी या मोकळ्या जागेवर सुट्या विटा रचायचे. पाच विटांचा जिना, सात विटांचा जिना. आशाबाई उतरायच्या. सर विचारायचे, संपला हे कधी कळलं? संपल्यावर कळलं, असं त्या म्हणाल्या की सर विटा पुन्हा रचायचे. एक वीट तासून, अर्धी वीट, पाव वीट. गवंडी कपाळावर हात मारायचा, म्हणायचा, साहेब, खेळ मांडलाय का? दीड इंचावर आशाबाई म्हणाल्या, संपायच्या आधी कळलं. तेव्हा सर त्या विटांवरच बसून राहिले होते. भिंतींचंही तसंच. खडूनं रेघा मारून त्यांना अंधारात चालायला लावायचे, कोपर जिथं आपटला तिथं रेघ हलवायचे. कोपरे तासले ते कपाळाला तिसऱ्यांदा खोक पडल्यावर. "घर मला दाखवून बांधलं नाही," त्या म्हणाल्या, "मला चालवून बांधलं."

"मी लिहितो हे सगळं," त्रिंबक म्हणाला. "स्मरणिकेत. त्या ठोंबऱ्यांच्या तोंडावर मारतो. घराकडे बघितलं नाही म्हणतेत! लोक हसतेत, बाई!"

"लिहायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून. एकाला सांगितलं की दहा हात धरायला येतात. काल बघितलंस ना, उचलून नेतात की काय असं झालं. मला ते नको होतं. मला एक हात पुरे होता, तो मी निवडला होता. यांनाही ठाऊक होतं. हसू दे म्हणायचे. घरी येऊन सांगायचे, आज कुणीतरी सातवी चूक आठवी म्हणून सांगितली, मी दुरुस्त केली."

"पण सरांना लोक... मला ते सहन होत नाय."

"तुला मोकळं व्हायचंय," आशाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "ते मला कळतं. पण त्यासाठी माझे डोळे छापायचे का?"

त्यानं उठून फळीवरचे बूट घेतले. त्याच्याकडे होता फक्त राग, आता जायला जागा नसलेला. काकासाहेबांवरचा, टाळ्या वाजवणाऱ्यांवरचा, स्वतःवरचा आणि, हे त्याला बाहेर रस्त्यावर आल्यावर कळलं, सरांवरचाही. बारवेवर घागर देण्याऐवजी एक वाक्य बोलले असते तर? एक शिवी दिली असती तर? इतकं सभ्य राहून त्यांनी आपल्याला सहा वर्षं मूर्ख राहू दिलं. मग त्याला वाटलं, की नाही, ते बोलले नाहीत कारण बोलणं त्यांच्या मालकीचं नव्हतं. ते बाईंचं होतं. माणसानं बायकोवर प्रेम केलं हे लोकांना कळायचं तर तिची जखम चौकात मांडावी लागते. आणि ती मांडली नाही, तर त्याला एक तर अडकलेला म्हणतात, नाही तर फकीर. तिसरा शब्दच नाही लोकांकडे. छावणीतून घरापर्यंत तो पायीच गेला, सायकल हातात धरून, आणि वाटेत एकदा मोठ्यानं "हरामखोर" म्हणाला. कुणाला ते त्याला नक्की ठरवता आलं नाही.

गुरुवारी दुपारी गुलमंडीतल्या छापखान्यात काकासाहेब शेवटचं प्रूफ बघत बसले होते. पुंजाराम कंपोझिटर छपाईचे खिळे जुळवत होता. पान तेरा: 'सरांच्या घरातील एकेचाळीस चुका — एका चाहत्याकडून.'

"काय, कारण आणलंस का?" काकासाहेबांनी विचारलं.

"आणलं नाय. यादी काढता का?"

"कारण नसताना नाही काढता येत, त्रिंबक. पान रिकामं राहील."

"मग खाली एवढं घाला." त्यानं खिशातून कागद काढला. काकासाहेबांनी तो मोठ्यानं वाचला:

"'ही मापं मी घेतली. मापं बरोबर आहेत. प्रत्येक मापापुढे लिहिलेला चूक हा शब्द माझा आहे, आणि तो खोटा आहे. घर बरोबर आहे. त्रिंबक मल्हारी कोळपे, प्रयोगशाळा सहायक.'" ते थांबले. "आणि का बरोबर आहे?"

"ते नाय सांगणार."

"माहीत आहे?"

"हाय."

"अरे, मग लोक म्हणतील, हा कोण शहाणा? एकेचाळीस ठिकाणी वाकडं, आणि म्हणे बरोबर! सरांवरचं हसू तुझ्यावर येईल."

"येऊ द्या. 'एका चाहत्याकडून' काढा, माझं नाव वर पण घाला."

काकासाहेबांना थोडा राग आला असावा, थोडी गंमत वाटली असावी. "पुंजाराम, घे हे," ते म्हणाले. "मजकूर जरा विचित्र आहे, पण पान भरतंय."

पुंजारामनं कागद समोर टेकवला, ओठ हलवत वाचला. "त्रिंबकराव, खोटा आहे लिवलंय, का चुकीचा आहे करू? खोटा म्हणजी तुमी मुद्दाम लिवलं असं व्हतं."

त्रिंबकनं विचार केला. तेव्हा त्याला कारण ठाऊक नव्हतं हे खरं. पण तो तिथं तासभर बसला नव्हता, हेही खरं, आणि नियम ठाऊक होता. "खोटा," तो म्हणाला. "तसंच ठेवा."

स्मरणिका निघाली. सरांचं सुंदर चित्र मुखपृष्ठावर होतं. आशाबाईंनी पान तेरा लेकीकडून वाचून घेतलं असं त्याला नंतर कळलं. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही. पुढच्या सोमवारी तो कँटीनमध्ये चहा घेत होता. शेवटच्या वर्षाची पाच-सहा पोरं पलीकडच्या टेबलावर स्मरणिका उघडून बसली होती, खुसखुसत. मग त्यांच्यातला एक मान वळवून ओरडला, "ओ बेचाळीस! बेचाळिसावी चूक! घर बरोबर हाय व्हय?" सगळं कँटीन हसलं. गल्ल्यावरचा माणूससुद्धा. त्रिंबकच्या कानशिलात रक्त चढलं. विटा, खडू, कपाळाची खोक, सगळं एकदम जिभेवर येऊन उभं राहिलं. एका वाक्यात ही पोरं गप झाली असती, कदाचित रडली असती. त्यानं ते चहाबरोबर गिळलं. घसा भाजला. कप खाली ठेवला, खुर्ची मागं सारली आणि त्या टेबलाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, त्यानं ओ दिली.